भाषा : इतर

टर्फच्या केबिनमध्ये मी एकटा.
शेवटची मॅच संपून दिवे मालवलेत,
प्लास्टिकच्या गवतावर दव उतरलंय, त्याला कुठे कळतं.
वायफायचा पासवर्ड मॅनेजरने दिला,
म्हणाला, सकाळी झाडू मारायच्या आत आटप.

पहिलाच प्रश्न : तुमचे लोक कोण?
यादी उघडते. बर्फातली नावं, वाळवंटातली, बेटांवरची.
खाली खाली जात राहिलो
बाप खेकड्याच्या बिळात हात घालायचा तसा,
खांद्यापर्यंत.
वारली नव्हतं.
‘इतर’ला टिचकी मारली की एक रिकामी चौकट उघडते.
तिच्यात लिहिलं. स्पेलिंग दोनदा बदललं.
भाषा : पुन्हा इतर.

या भूमीवर तुम्ही कधीपासून आहात?
हे तर येऊरच्या गेटवर मलाच विचारतात,
कुठे चाललास, कोणाकडे,
आणि मागून बंगल्याकडे जाणाऱ्या गाडीला
हात वर करून सलाम.
लिहिलं : गेटच्या आधीपासून.
मग खोडलं. मग परत लिहिलं.

शंभर शब्दांत कथा सांगा.
एक बाई गाणं म्हणत नाही.
पाच झाले.
उरलेले पंच्याण्णव कुठून आणू?

बुधी आमच्या पाड्याची धवलेरी.
तिच्या तोंडून गाणं निघाल्याशिवाय
इथे कुणाचं लग्न लागलेलं नाही, माझ्या आईचंही.
उसना कॅमेरा घेऊन चार महिने मागे फिरलो.
ती म्हणे, लग्न कुणाचं आहे?
कुणाचंच नाही, मी म्हणे, नुसतं शूटिंग.
मग देवांना बोलवून बसवू कुठे?
चौक लिहिलेला नाही, तांदूळ नाहीत,
आले आणि उभेच राहिले तर?
अकरा मिनिटं ती चूल फुंकते,
कोंबडीला शिव्या देते, पायातला काटा काढते,
आणि गात नाही.

संगीताचे हक्क कोणाकडे आहेत?
हसू आलं. मग आलं नाही.
ते गाणं तिला तिच्या सासूने दिलं,
सासूला डहाणूकडच्या कुठल्याशा म्हातारीने,
सही कोणाची घ्यायची?
लिहिलं : चित्रपटात संगीत नाही.
हात जरा थांबला.
कारण आहे.

याआधी कुठे दाखवलाय?
दाखवलाय. लखमाच्या भिंतीवर चादर लावून.
चाळीस माणसं, तीन कुत्री.
सगळे आपापली शेळी शोधत होते पडद्यावर.
एका पोराने मध्येच चादरीमागे जाऊन बघितलं
बुधी तिकडून कशी दिसते.
याला जागतिक प्रीमियर म्हणतात का, माहीत नाही.
‘नाही’वर खूण केली, थोडी चोरी केल्यासारखी.

मुदत त्यांच्या मध्यरात्रीपर्यंत,
म्हणजे आपले सकाळचे साडेअकरा.
इकडे पहाटेचे चार. त्रेसष्ट टक्क्यांवर फाइल अडकली.
तिच्या पायातला काटा
समुद्राखालच्या कुठल्या तारेत रुतला असेल?
खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला.
जागा झालो तेव्हा पडद्यावर इंग्रजीत आभार,
आणि एक आकडा : ०४१७.
तो मनगटावर पेनाने लिहून घेतला,
मोबाइलवर भरवसा नाही म्हणून नव्हे,
असाच.

उजाडताना वर चढलो.
बुधी अंगणात भात पाखडत होती
आणि सुपाच्या तालावर
अगदी खालच्या आवाजात काहीतरी चाललं होतं,
ओळ नव्हती, ओळीची वाट होती.
मी थबकलो. तीही थांबली.
माझ्याकडे कॅमेरा नाही, मी दोन्ही हात दाखवले.
तिने मनगटावरचा आकडा पाहिला,
मग माझ्याकडे.
कान आणलेस ना, म्हणाली,
आणि सूप पुन्हा हलायला लागलं.